रंगाखालचे लोखंड

बार्शीच्या बाजारपेठेतील एका आडत्या कुटुंबाने काही वर्षांपूर्वी घराचा जुना सागवानी दरवाजा काढून त्या जागी लोखंडी दरवाजा बसविला. त्यामागचे कारण चोरांचे नव्हते. जुन्या चौकटीला वाळवी लागली होती, आणि दर दोन वर्षांनी औषध मारून असंख्य जीवांचा घात करण्यास घरातील वृद्ध बापूजींचे मन घेईना. लोखंडाला वाळवी लागत नाही, या एका विचाराने निर्णय झाला. मग रंगाचा विषय निघाला. शेड कार्ड घेऊन संध्याकाळभर चर्चा चालली. थोरल्या सूनबाईंना चॉकलेटी रंग हवा होता, नातवाला काळा चकचकीत. पत्रा कसा घासणार, अस्तर कोणते लावणार, रंगाचे हात किती देणार, हे मात्र कोणीही विचारले नाही. तीन रंगाऱ्यांचे दर आले, त्यांतील सर्वांत कमी दर स्वीकारला गेला आणि दिवाळीच्या चार दिवस आधी दरवाजा काळा चकचकीत झाला. महावीर जयंतीपर्यंत त्याच्या खालच्या पट्टीवर बारीक फोड दिसू लागले. दुसऱ्या वर्षी त्या फोडांच्या जागी तांबूस पोपडे निघाले आणि तिसऱ्या वर्षी खालच्या कोपऱ्यात बोटाने दाबले तरी पत्रा आत जाऊ लागला.

सोलापूर जिल्ह्याची हवा तशी कोरडी. मुंबई-रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्याचा दोष येथे देता येत नाही. लोखंड गंजण्यास पाणी आणि हवेतील प्राणवायू दोन्ही लागतात. क्षार किंवा आम्ल जोडीला असेल तर ते काम झपाट्याने होते. या घरात पाणी कोठून आले, याचे उत्तर उंबरठ्यावरच होते. रोज पहाटे उंबरठा धुतला जाई, रांगोळी घातली जाई, आणि ते पाणी दाराच्या खालच्या पोकळ पाइपात शिरून तेथेच साचून राही. महिन्यातून एकदा पायरीची फरशी ॲसिडने घासली जाई. त्या ॲसिडचे शिंतोडेच काय, नुसती वाफसुद्धा लोखंडाला पुरेशी घातक असते. म्हणजे जी स्वच्छता घराची शोभा होती, तीच दाराच्या मुळावर आली होती. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर घसारा खालून लागत होता आणि ताळेबंद मात्र वरच्या चकाकीवरून मांडला जात होता.

रंग म्हणजे लोखंड आणि पाणी यांच्यामधला एक पडदा, आणि तो किती पातळ असतो याची कल्पना बहुतेकांना नसते. एनॅमल रंगाचा एक हात वाळल्यावर साधारण 20 ते 30 मायक्रॉन जाडीचा उरतो. माणसाच्या केसाची जाडी 70 मायक्रॉनच्या आसपास धरली, तर रंगाचा एक हात केसाच्या निम्माही भरत नाही. अस्तराचे दोन आणि रंगाचे दोन हात मिळून कुठे दीड केसाएवढे संरक्षण तयार होते. त्यातला एक हात वगळला तर दिसण्यात काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो आयुष्यात. दर ठरविताना गिऱ्हाईक जे दिसते त्यावर घासाघीस करते आणि कारागीर जे दिसत नाही त्यातून आपली तूट भरून काढतो. यात रंगाऱ्याला लबाड म्हणण्याचेही फारसे कारण नाही. ज्या दरात घासणे, अस्तर आणि रंग ही तिन्ही कामे होऊच शकत नाहीत, तो दर मान्य करणाऱ्यानेच एका कामावर पाणी सोडलेले असते. आयुष्यभर मालाचा नमुना पोत्याच्या तळातून काढून पाहणारा व्यापारी घराच्या दाराच्या बाबतीत मात्र वरवरचा नमुना पाहून सौदा करतो, हे नवलच म्हणायचे.

खरी सुरुवात फॅब्रिकेटरच्या आवारात होते. बाजारातून आलेल्या नव्या पत्र्यावर आणि अँगलवर निळसर करड्या रंगाची एक कडक साल असते. तापत्या लोखंडाचे रुळांखाली पत्रे काढताना ती आपोआप तयार होते. ही साल दिसायला गुळगुळीत आणि भक्कम, म्हणून तिच्यावरच अस्तर फासले जाते. पण ती लोखंडाला कायमची धरून राहत नाही. ऊन-थंडीने तिला तडे जातात, तिच्याखाली पाणी शिरते आणि मग सालीसकट रंग उतरतो. वेल्डिंगच्या जोडावर राहिलेला मैल, तेलकट हात, ग्राइंडरच्या उडालेल्या ठिणग्यांचे कण यांचेही तसेच. म्हणून दरवाजा ताब्यात घेताना तो लाल रंगाने माखलेला नसावा, उघडा लोखंडी असावा, अशी अट घालणे शहाणपणाचे. फॅब्रिकेटर जो पातळ लाल हात मारून देतो तो बहुधा गंज झाकण्यासाठी असतो. थांबविण्यासाठी नव्हे. शिवाय बांधकाम चालू असताना असा दरवाजा महिनोन्‌महिने उघड्यावर पडून राहतो, त्यावर सिमेंटचे शिंतोडे उडतात, आणि तो लाल हात केव्हाच निकामी झालेला असतो.

घासण्याचे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही. तारेचा ब्रश, काचकागद, जोडांवर कानस, आणि शेवटी थिनरमध्ये भिजविलेल्या कापडाने पुसणे. कानशीचा उल्लेख झाला, म्हणून एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. कापलेल्या पत्र्याची कड धारदार असते आणि ओला रंग अशा धारेवर टिकत नाही. तो पृष्ठताणामुळे दोन्ही बाजूंना ओढला जातो. परिणामी सपाट भागावर रंग पुरेसा जाड आणि कडेवर जवळजवळ नाहीच. कोणत्याही जुन्या लोखंडी दाराकडे पाहावे, गंज कडेला, जोडाला आणि तळाला आधी लागलेला आढळेल. म्हणून धार कानशीने थोडी गोल करावी, आणि पूर्ण हात देण्याआधी कडा व जोड यांना ब्रशने एक स्वतंत्र हात द्यावा. जाणता रंगारी हे न सांगता करतो. तो तसे करतो की नाही यावरूनच त्याची पारख करता येते.

अस्तराच्या निवडीत आपल्याकडे रेड ऑक्साइड हा शब्द इतका रुळला आहे की दुसरे काही असते हेच विसरले गेले. रेड ऑक्साइड म्हणजे लोहाचीच लाल भुकटी. ती रंगाला पकड देते, पण गंज रोखण्याची फारशी शक्ती तिच्यात नसते. घराच्या आतील, कोरड्या जागेतील दारासाठी ती चालते. बाहेरच्या दारासाठी झिंक फॉस्फेट असलेले अस्तर अधिक विश्वासाचे, आणि समुद्राजवळच्या घरासाठी दोन डब्यांचे, मिसळून लावायचे इपॉक्सी अस्तर घेतलेले बरे. जस्ताचा मुलामा दिलेला, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड पत्रा असेल, तर मात्र नेहमीचा तेली एनॅमल थेट लावू नये. रंगातील तेल आणि जस्त यांची हळूहळू अभिक्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो आणि सहा महिन्यांत रंग कागदासारखा सोलून निघतो. अशा पत्र्यासाठी वेगळे, जस्त धरणारे अस्तर मिळते. दुकानदाराला तसे स्पष्ट सांगावे लागते.

वरच्या रंगाबाबत आता पर्याय पुष्कळ आहेत. पावडर कोटिंग हे दिसायला सर्वांत देखणे. त्यात कोरडी भुकटी विजेच्या भाराने पत्र्यावर चिकटवून 180 ते 200 अंश तापमानाच्या भट्टीत वितळविली जाते. एकाच थरात 60 ते 80 मायक्रॉन जाडी मिळते आणि रंगाचे ओघळ कोठेही दिसत नाहीत. मात्र ते दरवाजा पूर्ण तयार झाल्यावर, कारखान्यात करावयाचे काम आहे. कोटिंग झालेला दरवाजा जागेवर आणून तेथे पुन्हा कडी-कोयंड्यासाठी वेल्डिंग केले, तर त्या जागी कोटिंग जळते आणि पुढे गंज नेमका तेथूनच पसरतो. बिजागऱ्या, कुलपाची घरे, जिनप्रतिमेची किंवा मंगलकलशाची चौकट, जे काही जोडायचे ते आधी जोडून घ्यावे. दुसरा पर्याय दोन डब्यांच्या पीयू रंगाचा. त्याची चकाकी उन्हात वर्षानुवर्षे टिकते, पण तो जुन्या एनॅमलवर मारला तर त्यातील जहाल थिनरमुळे खालचा रंग सुरकुततो. त्याच्या हार्डनरची वाफही श्वासाला वाईट; रंगाऱ्याला योग्य मास्क दिल्याशिवाय हे काम घरात करवून घेऊ नये. बहुसंख्य घरांसाठी साधा, चांगल्या प्रतीचा चकचकीत एनॅमल आजही पुरेसा आहे. त्याची मोठी सोय अशी की तो कोणत्याही गावी मिळतो, आणि एखादी जागा खराब झाली तर तेवढीच घासून पुन्हा रंगविता येते.

चकाकीचे म्हणाल तर ती केवळ हौस नव्हे. गुळगुळीत पृष्ठावर धूळ व पाणी थांबत नाही. मॅट रंग अधिक सच्छिद्र असतो. पांढरा तेली एनॅमल अंधाऱ्या जिन्यात पिवळट पडतो, उन्हात तितका पडत नाही. पश्चिमेकडच्या दाराला काळा किंवा गडद रंग देऊ नये. वैशाखात असे दार हात लावू देत नाही, आणि दोन मीटर उंचीचे लोखंड तापमान 30 अंशांनी वाढले की सुमारे पाऊण मिलिमीटरने लांब होते. एवढ्याशा फरकाने काय होणार, असे वाटेल. पण त्यात दर दिवाळीला न खरवडता चढविलेल्या रंगाच्या थरांची भर पडली की दार चौकटीत अडकू लागते. मग सुताराऐवजी लोहाराला बोलावण्याची वेळ येते. चंदेरी ॲल्युमिनियम रंग हल्ली मागे पडला आहे, पण त्यातील धातूचे सूक्ष्म पत्रे कौलांसारखे एकमेकांवर बसतात, पाणी अडवितात आणि ऊन परतवितात. दुकानाच्या शटरला तो अजूनही उत्तम.

जुन्या दारांविषयी एक गोष्ट मात्र घाईने सांगून चालणार नाही. पूर्वी लोखंडावर शेंदराचे अस्तर लावीत. शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड. गंज रोखण्यात तो वाकबगार होता. पिवळ्या, नारिंगी, हिरव्या रंगांतही शिशाची संयुगे असत. भारतात घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपेक्षा अधिक असू नये, असा नियम 2016 मध्ये झाला आणि तो 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या दारावर कोणत्या थरात काय आहे, हे डोळ्यांनी कळत नाही. असे दार अंगणात ठेवून ग्राइंडरने कोरडे घासले, तर ती भुकटी ओसरीवर, वाळवणावर, रांगत्या बाळाच्या हातावर आणि तेथून त्याच्या तोंडात जाते. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते, आणि त्याची सुरक्षित मानता येईल अशी कोणतीही मात्रा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. एकत्र कुटुंबात चार पिढ्या एका दारातून ये-जा करतात. तेव्हा हे दार घासताना मुलांना आणि गर्भवती सुनांना त्या दिवसापुरते दुसरीकडे पाठवावे. पृष्ठ ओले करून घासावे, खाली जाड प्लॅस्टिक अंथरावे, पोपडे गोळा करून पिशवीत बंद करावे आणि जागा झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. ओले घासलेले लोखंड मात्र त्याच तासात पुसून उन्हात पूर्ण वाळवावे, नाहीतर संध्याकाळपर्यंत त्यावर तांबूस झाक येते. जुना रंग घट्ट असेल, कोठेही फुगलेला नसेल, तर तो मुळात खरवडूच नये. वरवर ओला काचकागद फिरवून त्यावरच नवा हात द्यावा.

जैन घरात रंगकामाला आणखी एक बाजू आहे. लाकडी दाराच्या पॉलिशमधील चपडा लाखेपासून होतो आणि लाख गोळा करताना लाखेचे किडे मरतात. ते ज्यांना रुचत नाही त्यांना लोखंडी दार आणि एनॅमल ही जोडी मानवते, कारण एनॅमलमधील तेल बहुधा सोयाबीन किंवा जवस अशा वनस्पतींचे असते. पण ब्रशचे काय? रंगाऱ्याच्या हातातील पारंपरिक ब्रश पुष्कळदा डुकराच्या केसांचा असतो, हे अनेक कुटुंबांच्या ध्यानीही नसते. नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या तंतूंचे ब्रश सहज मिळतात आणि तेली रंगाला चांगले चालतात. शंका असेल तर एक तंतू जाळून पाहावा. केस असेल तर जळक्या केसांचा वास येऊन त्याची राख होते, कृत्रिम तंतू वितळून त्याचा मणी होतो. ब्रश आपणच आणून दिला तर रंगाऱ्यालाही वाईट वाटण्याचे कारण उरत नाही.

जयणेचा विचार वेळेच्या बाबतीतही उपयोगी पडतो. पावसाळ्याच्या दिवसांत हवेत दमटपणा 85 टक्क्यांच्या वर गेला असताना रंग लावू नये, असे रंगशास्त्र सांगते. याच दिवसांत जीवोत्पत्ती सर्वाधिक म्हणून चातुर्मासात अशी कामे टाळावीत, असे आपली परंपरा सांगते. दिवाळीपूर्वी रंग झालाच पाहिजे, हा आग्रह या दोन्हींच्या आड येतो. तेव्हा लोखंडाच्या सांध्यांतील ओल पुरती गेलेली नसते, आणि गावातील प्रत्येक रंगारी एकाच वेळी पाच घरी काम धरून बसलेला असतो. त्यापेक्षा कार्तिकी पौर्णिमेनंतर फाल्गुनापर्यंतचे दिवस चांगले. सकाळचे दव वाळल्यावर, नऊ-दहाच्या सुमारास काम सुरू करावे आणि दुपारी लवकर थांबावे. एनॅमल काही तास चिकट राहतो. तिन्हीसांजेला दिव्याकडे येणारे पतंग, चिलटे ओल्या रंगाला चिकटून प्राण सोडतात आणि रंगावर खडेही राहतात. सूर्यास्तापूर्वी हाताला न चिकटण्याइतका रंग वाळला, तर दोन्ही टळते. काम सुरू करण्याआधी पाइपांची उघडी तोंडे पाहावीत. तेथे कुंभारमाशीची मातीची घरे, कोळ्यांची जाळी, मुंग्यांची रांग असू शकते. आत जीव असतील तर त्यांना निघू द्यावे आणि मगच बारीक जाळी बसवावी. तोंड अगदी बंद करू नये. पाणी निघून जाण्यास तळाला छिद्र हवेच.

पुढची देखभाल फार नाही, पण ती नियमित हवी. महिन्यातून एकदा सौम्य साबणाच्या पाण्याने दार पुसून लगेच कोरडे करावे. ॲसिड दाराच्या आसपास आणू नये. बिजागरी आणि कुलूप यांना रंग लागू देऊ नये, तेथे तेलाचा थेंब पुरतो. दारावर चिकटविलेले ‘जय जिनेंद्र’ किंवा ‘शुभ-लाभ’चे स्टिकर आणि सुकलेल्या झेंडूच्या तोरणाची तार यांच्याखाली ओल धरून राहते, तोरण खिळ्याऐवजी चौकटीवरील पितळी आकड्यात अडकवावे. पावसाळ्याआधी, अक्षय तृतीयेच्या सुमारास, खाली बसून तळपट्टी पाहावी. उभे राहून ती कधीच दिसत नाही. नखाएवढा फोड दिसला तर तो उघडून, चकचकीत लोखंड लागेपर्यंत घासून, अस्तराचे दोन आणि रंगाचे दोन हात तेवढ्याच जागेवर द्यावेत. अर्ध्या तासाचे आणि वाटीभर रंगाचे काम आहे. हेच काम तीन वर्षे लांबविले तर गंज लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेत रंगाला आतून फोडत जातो, आणि मग रंगाऱ्याचे काम राहत नाही.

बार्शीच्या त्या घरी तीच वेळ आली. फॅब्रिकेटरने खालची वीतभर पट्टी कापून नवी जोडली. तिचा खर्च मूळ रंगकामाच्या तिपटीहून अधिक आला. या वेळी दरवाजा मार्गशीर्षात रंगला. थोरल्या सूनबाईंनी स्वतः उभे राहून कडांना वेगळा हात देवविला, आणि एक बाजू एका दिवशी, दुसरी दुसऱ्या दिवशी, असे काम केल्याने रात्री दार चौकटीला चिकटण्याचाही प्रश्न आला नाही. उंबरठ्याला बाहेरच्या बाजूने थोडा उतार दिला गेला. रंग करडा निवडला. काळ्यासाठी नातवाने फारसा हट्ट धरला नाही. उरलेला रंग लहान डब्यात काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून माळ्यावर ठेवला आहे. बापूजींनी घरखर्चाच्या वहीत त्याच पानावर रंगाचे नाव, शेडचा क्रमांक, अस्तराचा प्रकार आणि तिथी लिहून ठेवली आणि खाली नोंद केली: ‘तळपट्टी पाहणे, वैशाख शुद्ध तृतीया.’ दुकानाच्या शटरचे पान अजून कोरे आहे. त्याचे काम पुढच्या कार्तिकी पौर्णिमेनंतर, आठवड्याच्या सुटीला धरावे, असे ठरले आहे.